घोडबंदर रोडसाठी मोफत पाक्षिक काढायचंय: ८ पानं, ५,००० प्रती. छपाई, नोंदणी, वाटप, जाहिराती?

मानपाडा_पाक्षिक

नमस्कार मंडळी. मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यासाठी मराठी पाक्षिक काढायचं ठरतंय. टॅब्लॉइड आकार (दैनिकाच्या पानाच्या निम्मा), ८ पानं, सगळी रंगीत, ५,००० प्रती. वाचकाला फुकट, खर्च जाहिरातींतून. मजकूर फक्त इथला: पाणी कधी बंद, मेट्रो ४ च्या कामामुळे कुठला कट बंद, माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत काय चाललंय, घाणेकर नाट्यगृहात या पंधरवड्यात काय लागलंय, सोसायट्यांचे प्रश्न. अख्ख्या ठाण्याच्या बातम्यांना दैनिकं आहेत, त्यात शिरायचं नाही.

लिहिणारी आणि पानं लावणारी माणसं आहेत. अडतंय ते असं:

१) नोंदणी आता नेमकी कुठे आणि कशी होते?
२) वेब ऑफसेट (रिळावरची छपाई) की शीटफेड (सुट्या कागदांवरची)? पीडीएफ देताना काय सांभाळायचं?
३) जाहिरातीचा दर कसा ठरवायचा?
४) वाटप पेपरवाल्यांकडून करावं की स्वतःची मुलं ठेवावीत?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आकड्यांसकट सांगितलं तर बरं होईल.

---

गठ्ठा_नंबर_७

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण जाहिरातवाला तुमच्याकडून कागद विकत घेत नाही. पेपर दारात पडला याची खात्री विकत घेतो.

मानपाडा ते कासारवडवली हा ५,००० प्रतींचा पट्टा नाही. तिथे एकेका संकुलात शेकड्यांनी घरं आहेत. प्रती सगळीकडे पसरल्यात तर कुठल्याच इमारतीत धड पोचणार नाही. दुकानदार ओळखीच्या चार घरी विचारेल, चारही जण म्हणतील असा पेपर पाहिला नाही, आणि पुढची जाहिरात गेली. त्यापेक्षा मानपाडा नाका ते पातलीपाडा, तेही रस्त्याची एकच बाजू घ्या. जी इमारत घ्याल तिचं प्रत्येक दार झालं पाहिजे. आधी इमारतींची यादी, विंगवार दारं मोजायची, बेरीज ४,७०० च्या आसपास आली की थांबायचं. उरलेल्या ३०० प्रती दवाखाने, वाचनालय, जाहिरातदारांची दुकानं आणि दप्तरासाठी.

पेपरवाल्यांची लाइन स्वस्त पडते. पहाटे चार-साडेचारला सेंटरवर गठ्ठे द्यायचे, हजारी दराने ते दैनिकात घालून देतात. पण त्यात दोन भोकं आहेत. दैनिक न घेणाऱ्या घरी तुमचा पेपर जात नाही, आणि नव्या टॉवरांत अशी घरं बरीच. दुसरं, रविवारी पुरवण्यांनी अंक जाड होतो, वर तीन-चार पत्रकं असतात, मग टॅब्लॉइड निसटून जिन्यात पडतं किंवा मुलगा घालायचंच टाळतो. दुकानदाराला शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक हवं असतं, तेव्हा वाटप शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर शनिवारी सकाळी ठेवा.

स्वतःची मुलं ठेवलीत तर आधी प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र घ्या. त्यात विंगांची नावं, वार, वेळ आणि मुलाचं नाव असू दे. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये त्याचा कायमचा प्रवेश करून घ्या, नाहीतर वॉचमन दर वेळी फोन लावत बसतो. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने उतरत दारं करायची. खालून वर गेलं की दहाव्या मजल्यानंतर दारं सुटायला लागतात. प्रत दाराला लावलेल्या पेपरच्या पिशवीत, पिशवी नसेल तर कडीत. चपलांच्या रॅकवर ठेवलेला पेपर कुणी उचलून घरात नेत नाही. लॉबीत थप्पी ठेवणं म्हणजे वाटप नव्हे. ती संध्याकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये असते आणि महिन्याअखेर रद्दीवाल्याकडे.

तपासणी पहिल्या अंकापासून लावा. गठ्ठे ५०-५० चे. प्रत्येक लाइनला (एका मुलाच्या वाटपाच्या पट्ट्याला) वेगळी खूण: गठ्ठा बांधलेला असतानाच कडेवर मार्करची रेघ मारायची, पहिल्या लाइनला एक लाल, दुसरीला दोन निळ्या. रेघ प्रत्येक प्रतीच्या कडेला उमटते आणि वाचकाच्या लक्षातही येत नाही. आठवड्याने जवळच्या दोन रद्दीच्या दुकानांत चक्कर टाका. न उघडलेला गठ्ठा सापडला तर रेघ लाइन सांगते. दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या विंगांतल्या २० घरांना फोन करून पोचला का विचारायचं. सोळाच्या खाली 'हो' आले तर ती लाइन त्याच आठवड्यात बदला. सोसायटीच्या शिक्क्याची पोच फाइलला लावत जा. सहा महिन्यांनी मोठ्या जाहिरातदारासमोर तीच फाइल ठेवायची आहे.

जून ते सप्टेंबर गठ्ठ्याला प्लॅस्टिक लागतंच. एक कोपरा भिजला तरी मधल्या वीस प्रती चिकटतात.

---

कट_ऑफ_५४६

छपाईचं सांगतो. ५,००० प्रती आणि ८ पानं हे वेब ऑफसेटचं काम. दोन-अडीच हजारांच्या खाली शीटफेड परवडतं, कारण वेब मशीन रंग जुळेपर्यंत ३०० ते ५०० प्रती खातं, मग तुम्ही हजार छापा की दहा हजार. ही वाया जाणारी रास बिलात कशी धरली आहे ते कोटेशन घेतानाच विचारा. महापे-रबाळे पट्ट्यात वृत्तपत्रांचे छापखाने आहेत. दैनिकांचं काम रात्री चालतं, म्हणून पाक्षिकाला दुपारचा स्लॉट मागा. दर उतरतो आणि मशीनवर उभं राहून पहिली प्रत बघता येते.

कागदाचा हिशोब स्वतः करा, अवघड नाही. ५४६ मिमी कट-ऑफच्या (मशीन कागद ज्या लांबीला कापतं ती) मशीनवर ७० सेमी रुंद रीळ लावलं तर टॅब्लॉइडचं पान २७.३ बाय ३५ सेमी येतं. आठ पानं म्हणजे पाठपोट चार कागद, ०.३८ चौरस मीटर. ४५ जीएसएम न्यूजप्रिंट (चौरस मीटरला ४५ ग्रॅमचा वृत्तपत्री कागद) धरला तर एक प्रत साधारण १७ ग्रॅम. ५,००० प्रतींना ८६ किलो, वर रासेचे धरून ९५. छापखान्याने सव्वाशे किलो लावला तर विचारायला जागा आहे. कट-ऑफ ५७८ असेल तर पानाची रुंदी बदलते, म्हणून मांडणी सुरू करण्याआधी छापखाना नक्की करा. इथे उलटा क्रम लावला तर पहिला अंक कडा कापल्यासारखा येतो.

पानं चारच्या पटीत, वेबवर शक्यतो आठच्या. जाहिराती जास्त आल्या म्हणून आठाची दहा होत नाहीत. मधला प्रकार म्हणजे १२ पानं, त्याला अर्ध्या रुंदीचं दुसरं रीळ किंवा दुसरा टॉवर (छपाईचा वेगळा संच) लागतो आणि खर्च दीडपटीपेक्षा जास्त जातो.

टॅब्लॉइडचा खास दोष: पानांच्या माथ्याच्या कडा जोडलेल्या राहतात. ब्रॉडशीटमध्ये (दैनिकाच्या मोठ्या आकारात) फॉर्मरवरची, म्हणजे कागदाला उभी घडी घालणाऱ्या भागावरची, घडी हा अंकाचा कणा असतो. टॅब्लॉइडमध्ये तीच घडी पानाच्या माथ्याला येते आणि ती स्लिटरने चिरावी लागते. स्लिटरची पाती बोथट असली की वाचकाला पान फाडून उघडावं लागतं. चालू मशीनवरून दर हजार प्रतींमागे एक उचलून माथा बघा.

आता पीडीएफ. न्यूजप्रिंट शाई पितो. ५०% चा ठिपका छापून ७५ च्या आसपास दिसतो, म्हणून पडद्यावर छान दिसणारा फोटो पेपरात काळवंडतो. मधल्या छटा मुद्दाम उजळ करा. चारही शायांची बेरीज २४०% च्या वर नको, नाहीतर शाई मागच्या पानावर उमटते. मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांचा काळा लावलात आणि जुळणी केसभर हलली की वेलांटी आणि रफार दुहेरी दिसतात. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं दहा पॉइंटच्या खाली नकोत, तीही ठळक. बारीक टंकात (फॉन्टमध्ये) 'क्ष', 'द्ध', 'ष्ट' भरून जातात आणि काय लिहिलंय तेच कळत नाही.

फोटो २०० डीपीआय पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १,६०० पिक्सेलच्या आसपास उरतो, म्हणजे २० सेमीपर्यंत चालतो. डीपीचा स्क्रीनशॉट चालत नाही. माणसांना एकच सांगा: 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा'.

टंकाबद्दल. बातम्या युनिकोडमध्ये येणार आणि मांडणीवाला जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या टंकात बसणार, असं असेल तर रूपांतराला वेगळा वेळ धरा. 'ऱ्या', 'र्‍हा' मधला र, 'ॲ', रफार आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात, तेही मथळ्यात आधी. सगळं युनिकोडमध्येच करायचं तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू हवा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. काही टंकांत त्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि आपल्याकडचा वाचक ते लगेच ओळखतो. तिरो देवनागरी मराठी हा फुकट टंक अंगच्या मजकुराला चांगला आहे.

छापील भाग २५ बाय ३३ सेमी धरा. पाच रकाने, मध्ये ४ मिमी, रकाना ४.६८ सेमी. ११ पॉइंट टंक, १४ ची ओळ. एवढ्या अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवायला गेलात की शब्दांत खिंडी पडतात. 'अतिक्रमणविरोधी'सारखा एक शब्द ओळ खाऊन टाकतो. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी सोडा. अर्ध्या पानांवर जाहिराती धरल्या तर अंकाला बातम्यांचे तीन हजार शब्द लागतात, जास्त नाही. पहिल्या अंकाला लोक सहा हजार लिहून बसतात.

---

जुना_ट्रेडल

नोंदणीसाठी आधी आरएनआयकडून (दिल्लीचं वृत्तपत्र निबंधक कार्यालय) शीर्षक मंजूर करून घ्या, मग ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत डिक्लेरेशन, मग अंक काढून दिल्लीला पाठवा आणि नंबर घ्या.

---

कलम_आणि_शिक्का

जुना_ट्रेडल, तुम्ही सांगताय ती १८६७ च्या कायद्याची वाट. तो गेला. प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. आरएनआयच्या जागी आता प्रेस रजिस्ट्रार जनरल. बोलताना सगळे अजून 'आरएनआय नंबर'च म्हणतात, ते चालायचंच.

आता शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज एकत्र, ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर. तोच अर्ज जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो आणि त्यांना ना-हरकत किंवा शेरा द्यायला ६० दिवस असतात. डिक्लेरेशनसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहायला लागत नाही. छापखान्यालाही पोर्टलवर आपली माहिती द्यावी लागते. छापखाना पक्का नसताना अर्ज भरला तर तिथेच अडतो, आणि पुढे छापखाना बदललात तर तो बदल नोंदवावा लागतो.

शीर्षक: त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा दुसऱ्या भाषेत याच राज्यात, तसंच किंवा मिळतंजुळतं नाव नोंदलेलं असेल तर मिळत नाही. 'ठाणे' पुढे वार्ता, समाचार, दर्शन असं काही जोडलेलं नाव बहुधा कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. १८६६ साली 'अरुणोदय' ठाण्यातूनच निघाला होता, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ लोक इथे नावं घेतायत! परिसराचं नाव किंवा बोलीतला शब्द घ्या आणि पोर्टलवर शोधून मगच नामफलक (पहिल्या पानावरची नावाची पट्टी) रंगवायला द्या.

नोंदणीशिवाय अंक काढत राहिलं तर पाच लाखांपर्यंत दंड आहे. वर्षाचं विवरणपत्र मुदतीत न भरल्यास पहिल्या वेळी वीस हजारांपर्यंत. 'फुकट वाटतो, म्हणून नोंदणी नको' असं काही नाही.

प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, मालक, संपादक यांची नावं, छापल्याचं ठिकाण आणि प्रकाशनाचा पत्ता. ही ओळ शेवटच्या पानाच्या तळाशी कायमची चौकट करून ठेवा. मोठी जाहिरात आली की मांडणीवाला पहिला घास त्या चौकटीचाच घेतो.

मजकुरात तीन जागा जपा. सोसायटीच्या भांडणात कमिटीतल्या माणसाचं नाव घालून आरोप छापला तर बदनामी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दुसऱ्या बाजूला लेखी विचारा आणि उत्तर त्याच बातमीत घ्या. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा कुठल्याही प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाची ओळख पटेल असं काहीही नको. आणि इथे इमारत आणि मजला लिहिला की ओळख पटलीच. शहरभर जाणाऱ्या दैनिकापेक्षा तुमच्या पेपराला हा धोका जास्त, कारण वाचणारा शेजारच्याच विंगेत राहतो.

---

दर_चौसेमी

जाहिरातीचा दर 'शेजारचा पेपर काय घेतो' यावरून ठरवू नका. खालून वर चढा.

छापील भाग २५ बाय ३३, म्हणजे ८२५ चौसेमी (चौरस सेमी), आठ पानांचे ६,६००. निम्मे जाहिरातीला, म्हणजे ३,३००. समजा छपाई, कागद, वाटप मिळून अंकाला ४०,००० लागले. सगळी जागा विकली तर १२ रुपये चौसेमीला फिटले असं दिसतं, आणि नवा माणूस इथेच १५ चा दर छापून बसतो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी जागा ६०% विकली गेली तरी खूप झालं. मग २० रुपये. त्यातून एजन्सीचे १५% गेले की तेवढेच हातात यायला २४ लागतात. दहा टक्के वसुली बुडते धरून २६ ते २७. यात अजून पगार, ऑफिसचं भाडं, फोन काहीच नाही. म्हणजे छापील दर ४० च्या घरात ठेवून सहा अंकांच्या करारावर सूट द्या. पहिलं आणि शेवटचं पान दीडपट. दुकानदाराशी बोलताना मात्र चौसेमी काढू नका. त्याला 'व्हिजिटिंग कार्डाएवढी', 'पाव पान', 'अर्धं पान' कळतं.

पैसे छपाईची प्लेट लागण्याआधी. शुभेच्छांच्या जाहिरातींना तर अपवादच नको. वाढदिवस उलटला की शुभेच्छुक फोन उचलत नाहीत. या जाहिरातींत सगळ्यात जास्त भांडणं मजकुरावरून होत नाहीत, फोटोंच्या क्रमावरून आणि आकारावरून होतात. वर कोण, डावीकडे कोण, कुणाचा चेहरा मोठा. अंतिम प्रूफ पाठवून त्याच चॅटमध्ये 'ओके' घ्या, आणि ते जाहिरात देणाऱ्याकडूनच, त्याच्या कार्यकर्त्याकडून नको.

कुठल्या जाहिरातीत काय बघायचं:

बिल्डर: महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. जबाबदारी बिल्डरची असली तरी कोड स्कॅन झाला नाही तर तो तुमच्याकडे पैसे परत मागेल. फक्त काळ्या शाईत, अडीच सेमीच्या खाली नाही, भोवती पांढरी मोकळी जागा. प्रूफ न्यूजप्रिंटवरच काढून फोनने तपासा.

डॉक्टर: अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना आचारसंहितेनुसार दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, सुट्टीवर आहे, परत आलो, अशा सूचना देता येतात. 'ठाण्यातील नंबर एक' असलं काही नाही. मधुमेह कायमचा बरा, उंची वाढवा, असल्या जाहिराती १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्यात बसतात आणि तो कायदा छापणाऱ्यालाही धरतो. पाव पानाचे पैसे सोडा, पण ही घेऊ नका.

क्लासेस: '१००% निकालाची हमी' नको, आणि विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

जाहीर नोटिसा: सभासद वारला आणि नामनिर्देशन नसेल तर आदर्श उपविधींनुसार सोसायटीला त्या भागात खप असलेल्या दोन स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस द्यावी लागते. हे तुमच्या हद्दीतलं नियमित उत्पन्न होऊ शकतं, पण नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच. तरीही बँकेचे वकील दैनिकाचंच कात्रण मागतात, तेव्हा या पैशावर बजेट आखू नका. सरकारी जाहिरातींचंही तेच. शासनमान्य यादीत नाव लागेपर्यंत तो आकडा शून्य धरा.

वर्षाचा आराखडा: एप्रिल-मे-जून शाळा, क्लास, छत्र्या, वॉटरप्रूफिंग. गणपती ते दिवाळी हा खरा हंगाम, पण मधला पितृपक्ष विसरू नका. त्या पंधरवड्यात कुणी नवं दुकान उघडत नाही, फ्लॅट बुक करत नाही, आणि त्या अंकाची जागा अर्ध्या किमतीलाही जात नाही. वार्षिक करारातल्या जाहिराती त्या अंकासाठी राखून ठेवा.

जीएसटी: छापील माध्यमातल्या जाहिरातीच्या जागेवर ५%. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. २४ अंकांना सरासरी ८५,००० मिळाले की २०.४ लाख, म्हणजे धंदा नीट चालला तर पहिल्याच वर्षी ओलांडाल. करारात 'कर वेगळा' ही ओळ आत्तापासूनच घाला.

---

मानपाडा_पाक्षिक

सगळ्यांचे आभार. पट्टा छोटा करतोय, पातलीपाड्यापर्यंतच. एक विचारायचं राहिलं: दुसऱ्या वर्षी वाघबीळ-कासारवडवलीसाठी वेगळी आवृत्ती काढली, निम्मी पानं सारखी आणि निम्मी बदललेली, तर छपाईत किती फरक पडेल?

---

कट_ऑफ_५४६

कुठली पानं बदलता यावर आहे. टॅब्लॉइडची दोन पानं एका प्लेटवर बसतात आणि जोड्या ठरलेल्या असतात: ८-१, २-७, ६-३, ४-५. जोडीची बेरीज नेहमी नऊ. चार जोड्या, चार रंग, म्हणजे अंकाला १६ प्लेटा.

१ आणि ८ बदललंत तर चार प्लेटा नव्या. १, ८, ४, ५ बदललीत तर आठ. पण १, २, ३, ४ बदलायची ठरवलीत, जे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं, तर चारही जोड्या मोडतात आणि सोळाच्या सोळा प्लेटा परत. पानं तेवढीच बदलली, खर्च दुप्पट.

म्हणून स्थानिक मजकूर आणि स्थानिक दुकानांच्या जाहिराती १, ८ आणि मधल्या ४-५ वर. सामाईक मजकूर, म्हणजे नाटकांचं वेळापत्रक, महापालिकेच्या महासभेचं, पाण्याचं, हे २, ३, ६, ७ वर. प्लेटा बदलायला मशीन थांबतं, पुन्हा जुळणी, पुन्हा तीन-चारशे प्रती रास. दोन्ही आवृत्त्यांचे गठ्ठे सारखेच दिसतात, तेव्हा नामफलकाच्या पट्टीचा रंग वेगळा ठेवा. नाहीतर टेम्पोत अदलाबदल होणारच.

---

नेरूळ_सेक्टर

नवी मुंबईत असंच काही काढू पाहणाऱ्यांसाठी थोडं. इथे हद्द आधी नीट समजून घ्या. खारघर, कामोठे, कळंबोली बोलीत नवी मुंबई असली तरी महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. प्रकाशनाचा पत्ता वाशीचा असेल तर काम ठाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे, खारघरचा असेल तर रायगडकडे. बातम्यांचंही तसंच: नेरूळला मोरबे धरणाचं पाणी, खारघरला सिडकोच्या हेटवणे योजनेचं, आणि एकाची पाणीकपात दुसऱ्याच्या कामाची नसते. म्हणून दोन्ही मिळून एक आवृत्ती काढू नका.

वाटप इथे सेक्टरवार सोपं जातं. सिडकोच्या जुन्या इमारती तीन-चार मजली, जिन्याखाली पत्रपेट्या. टॅब्लॉइड दोनदा दुमडून पेटीत बसतं, पण पेटी भरलेली असेल तर तिथे टाकू नका, ते घर महिनोन्महिने बंद असतं. रो-हाउसांना गेटच्या कडीत, पावसात मात्र पिशवीतच. गावठाणात घर क्रमांक रांगेने लागत नाहीत. तिथे त्याच आळीतला मुलगा घ्या आणि दारं क्रमांकाने न मोजता आळीने मोजा.

---

गठ्ठा_नंबर_७

मानपाडा_पाक्षिक, दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा मुलंही वेगळी ठेवा. एकच मुलगा सकाळी पातलीपाडा आणि दुपारी कासारवडवली करायला निघाला की दुपारच्या इमारती वरच्या पाच मजल्यांपुरत्या होतात. शनिवारी घोडबंदरला गाडी अडकली तर तेवढ्याही होत नाहीत. टेम्पो शुक्रवारी रात्रीच दोन्हीकडे गठ्ठे उतरवून जाऊ दे.